दोन खोल्यांची शाळा उभी राहिली त्याची हकिकत

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याच्या पश्चिमेला, कोयना खोऱ्याच्या चढावर वसलेल्या चाळीस उंबऱ्यांच्या एका वाडीत आम्ही शाळा बांधण्याच्या कामात दीड-पावणेदोन वर्षे सहभागी होतो. मी कराडच्या एका तंत्रनिकेतनात स्थापत्य विभागात शिकवतो आणि राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी म्हणून काम पाहतो. शाळेच्या उद्घाटनाची छायाचित्रे पाहून अनेकांनी विचारले की, विद्यार्थ्यांनी सात दिवसांत शाळा बांधली हे खरे का. ते खरे नाही. शाळा गावाने बांधली, आणि त्यातला आमचा वाटा नेमका किती व कशा स्वरूपाचा होता हे नीट लिहून ठेवावे, एवढ्यासाठीच हा मजकूर लिहीत आहे. अशा कामाला निघणाऱ्या इतर गटांना त्याचा उपयोग व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

2021च्या जुलै महिन्यात, 22 आणि 23 तारखेला या भागात जो पाऊस झाला तो कुणी विसरणार नाही. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांवर दरडी कोसळून माणसे गाडली गेली. आमच्या या वाडीत जीवितहानी झाली नाही, परंतु जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेची मागची दगडी भिंत रात्रीतून आत कोसळली. करोनामुळे शाळा बंद होत्या म्हणून, आणि रात्रीची वेळ होती म्हणून, आत कुणी नव्हते. पुढे 1 डिसेंबर 2021 रोजी ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग सुरू झाले तेव्हा या मुलांनी वीस महिन्यांनंतर पाटी-दप्तर उचलले ते भैरवनाथाच्या देवळात बसण्यासाठी. पट सतराचा, शिक्षक दोन. एका खांबाला टेकवलेला फळा पहिली-दुसरीचा, तर त्याच्याकडे पाठ करून बसलेल्या मुलांचा फळा तिसरी-चौथीचा. देवळात कुणी दर्शनाला आले, घंटा वाजवली, की दोन्ही वर्ग थांबत.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते 2022च्या फेब्रुवारीत, आपत्तीनंतरच्या घरांची पाहणी करण्यासाठी. पाहणी संपल्यावर शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षा, ज्यांना सगळे गाव आक्का म्हणते, आम्हाला पडक्या शाळेकडे घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, ‘‘सर, घरं काय, आमी कशीबी उभी करू. ही तुमी कशी करायची त्येवढं सांगा.’’ त्यांनी पैसे मागितले नाहीत, माणसेही मागितली नाहीत. कशी करायची ते सांगा, एवढेच त्या म्हणाल्या. त्या मागणीचा खरा अर्थ माझ्या ध्यानात यायला पुढचे सहा महिने जावे लागले.

कारण पहिले सहा महिने एकही वीट रचली गेली नाही. जुनी इमारत जिल्हा परिषदेची होती. ती कितीही धोकादायक असली तरी निर्लेखनाची, म्हणजे इमारत वापरातून बाद करून पाडण्याची, मंजुरी मिळाल्याशिवाय तिचा एक दगडही हलवता येत नव्हता. शाखा अभियंत्याचा दाखला, ग्रामसभेचा ठराव, छायाचित्रे, मूल्यांकन असा तो प्रस्ताव तयार करून आम्ही दिला आणि तो एका कार्यालयात चार महिने पडून राहिला. दर वेळी एक नवा कागद कमी असल्याचे सांगितले जाई. पाटणला जाऊन यायचे म्हणजे गावातल्या माणसाचा अख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी जाते. हे हेलपाटे आमच्या दोन विद्यार्थ्यांनी आणि मी वाटून घेतले. त्या काळात मला वारंवार वाटे की आपण शाळा बांधण्याऐवजी फायली वाहतो आहोत. आता मागे वळून पाहताना वाटते की त्या गावाला आमची सर्वांत जास्त गरज त्याच वेळी होती. घमेले उचलणारे हात गावात होतेच. कोणता कागद कुठे द्यायचा, त्याची पोच कशी घ्यायची आणि आठ दिवसांनी पुन्हा जाऊन काय विचारायचे, हे सांगणारे कुणी नव्हते.

दुसरा पेच जागेचा होता. जुनी जागा ओढ्याच्या अगदी काठावर आणि मागे उभा उतार, त्यामुळे तिथे पुन्हा बांधणे धोक्याचे होते. गावाच्या वरच्या अंगाला, कातळ वर आलेल्या सपाटीवर, एका कुटुंबाने पाच गुंठे देऊ केले. तोंडी देणे सोपे असते. पण सातबाऱ्यावर नावे होती अकरा, त्यांतली सात माणसे मुंबईत आणि एक आत्या कोपरखैरण्यात. स्थावर मिळकतीचे बक्षीसपत्र नोंदणीकृत असावेच लागते, आणि शाळा जिल्हा परिषदेची म्हणून जागाही तिच्याच नावे व्हावी लागते. गावातले थोरले तात्या स्वतः मुंबईला गेले, प्रत्येक वारसाच्या घरी बसले, आणि गणपतीला सगळे गावी येतील त्या आठवड्यात दुय्यम निबंधकांकडे सह्या होतील असे ठरवून आले. त्याप्रमाणे त्या झाल्याही. ऐंशीच्या घरातली ती आत्या नातवाचा हात धरून जिना चढली, अंगठा दिला आणि तिने विचारले, ‘‘आता पोरी शिकतील नव्हं?’’

याच सुमारास, सप्टेंबर 2022 मध्ये, वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती शासनाने मागवल्याची बातमी आली. गावात एका रात्रीत वारे फिरले. सतरा मुलांची शाळा उद्या बंदच होणार असेल तर वर्गणी कशासाठी द्यायची, हा प्रश्न मुंबईकर मंडळाच्या बैठकीत उघडपणे विचारला गेला. त्या बैठकीला मी हजर होतो. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या मुलांना एक किलोमीटरच्या आत शाळा मिळायला हवी, आणि खालच्या गावची शाळा मोजून अडीच किलोमीटरवर, मध्ये पावसाळ्यात न ओलांडता येणारा ओढा, असे मी सांगितले. पण माझ्या बोलण्याने बैठक वळली असे मी म्हणणार नाही. माथाडी कामगार असलेल्या एका गृहस्थांनी उठून सांगितले की, त्यांच्या लहानपणी गावात शाळा नव्हती, त्या ओढ्याच्या भीतीने बहिणीला घरी ठेवले, आणि ती आजही सही करत नाही. त्यानंतर फारशी चर्चा झाली नाही. पाटणच्या डोंगरातला माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत पाठीवर पोती वाहत आला आहे. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातले. त्या पाठीवरच्या कमाईतून प्रत्येक घराने वर्षभर हप्त्याने वर्गणी द्यायची, असे त्या रात्री ठरले.

आराखडा आम्ही केला. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहे, पोषण आहारासाठी स्वयंपाकाची खोली आणि दाराशी पायऱ्यांऐवजी उतरता रस्ता. 11 डिसेंबर 1967चा कोयनेचा भूकंप या भागातील म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात अजून येतो, आणि भूकंपप्रवणतेच्या 2002च्या नकाशात हा पट्टा चौथ्या क्षेत्रात धरलेला आहे. म्हणून जोत्याच्या, दारे-खिडक्यांच्या माथ्याच्या आणि छताच्या पातळीवर सलग काँक्रीटच्या पट्ट्या, तसेच कोपऱ्यांत व दारांच्या दोन्ही बाजूंना पायापासून छतापर्यंत उभ्या सळ्या, हे भारतीय मानक 4326 मध्ये सांगितलेले तपशील आम्ही काटेकोरपणे घातले. त्यामुळे खर्च वाढला. ‘‘एवढं लोखंड शाळंला कशाला?’’ असे विचारणाऱ्यांना आम्ही पडक्या शाळेचा कोपरा दाखवला. तिथे दोन भिंती एकमेकींना धरून नव्हत्याच, नुसत्या शेजारी उभ्या होत्या.

छतावर मात्र गावाने आम्हाला शिकवले. आमच्या नकाशात पत्रा होता, कारण तो स्वस्त आणि लवकर होणारा. आक्कांनी नकाशा बराच वेळ पाहिला आणि विचारले की, पाऊस पत्र्यावर वाजायला लागल्यावर गुरुजींचे बोलणे मुलांना ऐकू कसे जायचे. या भागात वर्षाला चार-पाच हजार मिलीमीटर पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर तो थांबत नाही. म्हणजे वर्षातले तीन-चार महिने वर्ग बहिरा होणार. कौले घालावीत तर वानरे ठेवत नाहीत. सपाट स्लॅब तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात गळू लागतो, हे गावातल्या समाजमंदिराने दाखवूनच दिले होते. शेवटी उतरता स्लॅब ठरला. बांधकामाचा विषय शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला पत्र्याचा आवाज सुचला नाही, कारण मी कधी पत्र्याखाली पावसाळ्यात शिकलो नव्हतो.

पाया गावाने खणला. नोव्हेंबरात भाताची कापणी-झोडणी उरकली, आणि डिसेंबरभर रोज प्रत्येक घरातला एक माणूस कुदळ घेऊन येत होता. आमचे सात दिवसांचे विशेष शिबिर जानेवारी 2023 मध्ये ठरले होते, पन्नास विद्यार्थ्यांचे. त्यांना जेवायला कसे घालायचे याची चिंता मी करण्याआधीच गावातल्या बायकांनी तजवीज केली होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली ती इथून फार लांब नाही, कराडजवळच्या काले गावी. आणि संस्थेच्या वसतिगृहांसाठी घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा होई, त्या मुष्टिफंडाची आठवण इथल्या जुन्या बायकांना सासवांकडून आलेली होती. त्यांनी तेच केले. दोन महिने, रोज सकाळी भात रांधायच्या आधी, चाळीसही घरांतून एक मूठ तांदूळ डब्यात बाजूला पडत राहिला. शिबिराच्या आदल्या दिवशी ते डबे देवळात रिते केले तेव्हा सव्वाशे किलोच्या आसपास तांदूळ भरला. जाडा, बारीक, लालसर, इंद्रायणी असा सगळा मिसळलेला तो तांदूळ एका पातेल्यात कधीच सारखा शिजत नसे. विद्यार्थ्यांनी तो सात दिवस खाल्ला आणि एकाही ताटात शीत उरले नाही.

शिबिराच्या पहिल्या चार दिवसांत मुलांनी जोत्यात मुरूम भरला, पाणी मारून धुमसाने ठोकला आणि ट्रक जिथवर येतो त्या वळणापासून सपाटीपर्यंत साखळी करून विटा चढवल्या. हे काम त्यांना साजेसे होते आणि त्यांनी ते मनापासून केले. पाचव्या दिवशी मुलांनी हट्ट धरला की निदान एक भिंत तरी आम्हाला बांधू द्या. गवंडी मामा तयार नव्हते. मी शब्द टाकला म्हणून त्यांनी पश्चिमेची, खिडकीखालची भिंत सहा विद्यार्थ्यांकडे दिली आणि एवढेच म्हणाले, ‘‘बांधू द्या की, पर ओळंबा माझ्या हातात ऱ्हाऊ द्या.’’

संध्याकाळी भिंत तीन फुटांवर आली होती. मुले तिच्यापुढे उभी राहून छायाचित्रे काढत होती. भिंत सरळ उभी आहे का हे पाहण्यासाठी मामांनी ओळंब्याचा गट्टू वरच्या विटेला लावला, दोरी सोडली, आणि खालचा लोलक स्थिर होईपर्यंत श्वास रोखल्यासारखे थांबले. लोलक भिंतीला टेकायला हवा तिथे बोटभर फट दिसत होती. मग त्यांनी काही न बोलता थापीच्या टोकाने उभे सांधे दाखवले. तीन ठिकाणी वरच्या थराचा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर अगदी सरळ आला होता. तडा जायचा झाला तर त्याला वाट आयतीच तयार होती. विटाही पुरत्या भिजवलेल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांनी मसाल्यातले पाणी शोषून घेतले होते आणि एक वीट मामांच्या हातात अलगद निघून आली. मी म्हणालो की गिलाव्यात थोडेफार भरून निघेल. ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, ‘‘सर, हितं माझी नात बसणार हाय.’’

भिंत मुलांनीच उतरवली. अंधार पडेपर्यंत त्यांनी एकेक वीट खरवडून साफ केली आणि रात्रभरासाठी पाण्याच्या पिंपात टाकली. एक मुलगी रडत होती. तिला काय सांगावे ते मला सुचले नाही, कारण चूक तिची नव्हती. विटा भिजवणे, सांधामोड सांभाळणे, दर थराला ओळंबा लावणे हे मी वर्गात फळ्यावर दर वर्षी शिकवतो. त्या दिवशी मात्र मी साहित्याचा हिशेब करत बसलो आणि भिंतीकडे तीन तास फिरकलो नाही. दुसऱ्या दिवशी त्याच सहा मुलांना मामांनी आपल्याजवळ उभे केले. मुलांनी विटा आणि मसाला हाताशी द्यायचा, मामांनी लावायचा, आणि दर तिसऱ्या थराला ओळंबा एकेकाच्या हाती देऊन विचारायचे, ‘‘काय म्हणतोय?’’ दिवसअखेर भिंत दोनच फूट झाली. स्थापत्याच्या पदविकेच्या तीन वर्षांत त्या मुलांनी जे पाहिले नव्हते ते त्यांनी त्या दिवशी पाहिले, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

यानंतर अशा कामांविषयी माझे मत पक्के झाले आहे. शिकाऊ हातांनी भार पेलणारे बांधकाम करू नये; आपल्या समाधानासाठी तर मुळीच करू नये. वाहतूक, भराई, मोजमाप, नोंदी, कागदपत्रे, साहित्याची तपासणी या गोष्टी स्वयंसेवकांनी कराव्यात आणि कारागिराचे काम कारागिराला मजुरी देऊन करू द्यावे. आमच्या गवंडी मामांना गावाने पूर्ण मजुरी दिली. शेवटचे आठ दिवस त्यांनी घेतले नाहीत, तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता.

स्लॅबचा दिवस यात्रेवरून ठरला. एप्रिलमध्ये यात्रेला सगळे मुंबईकर गावी येतात. पालखी देवळात परतली त्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे पाच वाजता नारळ फुटला आणि मिक्सर सुरू झाला. वळणापासून वर पोती आणायला आमची पंचवीस मुले सज्ज उभी होती. पण माथाडीतली माणसे पुढे झाली, डोक्यावर टॉवेल घेतला आणि एकामागून एक पन्नास किलोचे पोते पाठीवर घेऊन तो चढ न थांबता चढू लागली. दोन विद्यार्थी एक पोते धरून वर पोचेपर्यंत एक माणूस दोन खेपा करत होता. आम्ही मुकाट्याने आमची जागा बदलली. एका विद्यार्थ्याने खडी-वाळूची मापे मोजली, दुसऱ्याने प्रत्येक मिश्रणातले पाणी मोजून लिहिले, तिसऱ्याने सळ्या साच्यापासून उचलून धरणारे कव्हर ब्लॉक हलले नाहीत ना हे सतत पाहिले, आणि उरलेले घमेल्यांच्या साखळीत शिरले. दुपारी दोन वाजता शेवटचे घमेले वर गेले.

खरे कठीण काम त्यानंतर होते, आणि त्याचे छायाचित्र कुणाकडेच नाही. सपाट स्लॅबवर मातीची आळी करून पाणी साठवता येते. उतरत्या स्लॅबवर पाणी टिकत नाही. निदान दहा दिवस तो ओला राहायला हवा होता, आणि एप्रिलअखेरीस वाडीचा झरा करंगळीएवढा झालेला. पिण्याचे पाणी शाळेला घालायचे का, यावर देवळापुढे वाद झाला आणि तो अगदी रास्त होता. शेवटी आक्कांनी मार्ग काढला. स्लॅबवर गोणपाटे अंथरून वर भाताचा पेंढा दडपायचा, म्हणजे ओल धरून राहील, आणि पाणी ओढ्याच्या डोहातून आणायचे. ते पिण्याजोगे नसले तरी स्वच्छ होते. चाळीस घरांच्या पाळ्या लागल्या, सकाळ, दुपार, संध्याकाळ. आमचे चार विद्यार्थी परीक्षेचा अभ्यास घेऊन देवळात मुक्कामी राहिले आणि रात्री दहा वाजता पेंढ्याखाली हात घालून ओल तपासत राहिले. चौदा दिवस ती ओल तुटली नाही.

15 जून 2023 रोजी शाळा उघडली तेव्हा गिलावा आतून पूर्ण झाला होता, बाहेरून दोन बाजू राहिल्या होत्या आणि स्वयंपाकखोलीला दार नव्हते. तरीही मुलांना देवळातून आणले. पट एकोणीस होता. मुंबईतून एक कुटुंब परत आले होते, त्यांची दोन मुले.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, पाऊस भरात असताना, मी आणि त्या सहा विद्यार्थ्यांपैकी तिघे वर गेलो. छत कुठेही गळत नव्हते. तिसरीच्या वर्गात गुरुजी नेहमीच्या आवाजात बोलत होते आणि मागच्या ओळीतल्या मुलाला ते ऐकू येत होते. पश्चिमेच्या खिडकीखाली मात्र, त्याच भिंतीवर, हातभर रुंदीचा ओलाव्याचा डाग होता. वाऱ्याबरोबर येणारी झड खिडकीच्या उंबऱ्यावरून आत उतरत होती. छज्जा आम्ही दीड फुटाचा धरला होता, तो अडीच फुटांचा हवा होता. शिबिरात रडलेल्या त्या मुलीने डागाची लांबी-रुंदी मोजून वहीत उतरवली आणि खाली तारीख लिहिली. गवंडी मामांनी तात्पुरता गवताचा कूड बांधून दिला. छज्जा वाढवण्याचे आणि स्वयंपाकखोलीच्या दाराचे काम दिवाळीच्या सुट्टीत धरले, आणि त्यासाठी लागणाऱ्या सळ्यांचे माप घेऊन आम्ही संध्याकाळच्या एसटीने खाली उतरलो.